नळदुर्ग

नळदुर्ग : धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील इतिहासप्रसिद्ध कसबा व भुईकोट किल्ल्याचे ठिकाण. सोलापूर–हैदराबाद हमरस्त्यावर, सोलापूरपासून सुमारे ४५ किमी. आणि तुळजापूरच्या आग्नेयेस सुमारे ३५ किमी. अंतरावर, बोरी नदीच्या काठी हा गाव वसलेला आहे. गावात नगरपरिषद असून भोवतालचा मुलूख बालाघाटच्या पठारी रांगांचा, काळ्या जमिनीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा आहे. बोरी ही या रांगांतच उगम पावणारी, अक्कलकोट तालुक्यातून पुढे जाऊन भीमेस मिळणारी लहानशी नदी. उन्हाळ्यात तिचे पात्र इतके रोडावते की, हिच्याच पाण्याच्या भरवशावर एका राजवटीने येवढे प्रचंड बांधकाम उभे केले, हे परक्या माणसास सांगूनही खरे वाटू नये.

गावाच्या नावाचा संबंध लोकपरंपरा नल-दमयंतीच्या कथेतील नल राजाशी जोडते. इतिहासाच्या दृष्टीने कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापर्यंत या स्थळाचा माग नेण्यात येतो. त्यानंतर बहमनी आणि पुढे विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल येथे झाला. पूर्वीच्या मातीच्या कोटाच्या जागी चुन्यातील दगडी तटबंदी पहिल्या अली आदिलशाहाच्या अमदानीत उभी राहिली असे मानतात. आज बोरीवरील ज्या बांधामुळे नळदुर्गाची कीर्ती आहे, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दीत मीर इमादीन या स्थपतीने इ.स. १६१३ मध्ये पुरा केला. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर किल्ला मुघलांकडे व यथाकाल निजामाकडे गेला. १८५३ च्या तहान्वये हा प्रदेश काही वर्षे इंग्रजांच्या ताब्यात होता आणि त्या काळात कर्नल मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत असे. १८६० मध्ये मुलूख पुनश्च निजामाकडे आला. नळदुर्ग हेच जिल्ह्याचे ठाणे राहिले, आणि जिल्ह्याची कचेरी धाराशिवास हलली ती विसाव्या शतकाच्या प्रारंभी. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या पोलीस कारवाईस आरंभ झाला, तेव्हा सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सेनेची पहिली चकमक येथेच झाली. बोरीवरील पूल शत्रूने उडवून देण्यापूर्वीच सैन्याने तो शाबूत हस्तगत केल्यामुळे पुढील वाट मोकळी झाली. मराठवाड्याच्या मुक्तीचा इतिहास सांगताना या पुलाचा उल्लेख जितका व्हावयास हवा तितका होत नाही.

नळदुर्ग पाहण्यास येणारा बहुसंख्य समुदाय श्रावण-भाद्रपदात येतो, बांधावरून कोसळणारा धबधबा पाहतो, आणि तीन-चार घटकांत परत फिरतो. प्रस्तुत नोंदकाराच्या मते ही या स्थळाशी केलेली हेळसांड आहे. नदी, कातळ, तट आणि बांध यांची येथे जी परस्परांत गुंतलेली रचना आहे, ती पायी हिंडल्यावाचून उमगत नाही, आणि तसे हिंडण्यास शनिवारची दुपार व रविवारचा पूर्ण दिवस येवढा अवकाश तरी अवश्य पाहिजे.

किल्ला ज्या उंचवट्यावर आहे तो काळ्या अग्निजन्य खडकाचा, पठारापासून बोरीच्या घळीत पुढे सरकलेला एक जवळजवळ सपाट माथा होय. त्याच्या दोन बाजूंस नदी थेट कड्याच्या पायथ्याशी वाहते. हे कडे ५० पासून २०० फुटांपर्यंत उंच असून त्यांत ठिकठिकाणी खडकाचे स्तंभाकार, पैलूदार थर उघडे पडलेले दिसतात, असे टेलरने आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. आजही तटावरून खाली वाकून पाहणाऱ्यास त्याच्या वर्णनाची सत्यता पटते. निसर्गनिर्मित कडा कोठे संपला आणि गवंड्याने रचलेला तट कोठे सुरू झाला, हे काही जागी क्षणभर ओळखू येत नाही, इतके दोहोंचे रंग व पोत एकजीव झालेले आहेत.

पहिल्या दुपारी तटाची फेरी करावी. हलमुख दरवाजातून आत शिरल्यावर उजवी-डावी न करता प्रथम उपळी बुरुजाकडे जावे हे उत्तम, कारण किल्ल्याच्या मध्यभागी उभा असलेला हा उत्तुंग, एकाकी बुरूज चढून गेल्यावर सबंध किल्ल्याचा नकाशाच दृष्टीसमोर उलगडतो. माथ्यावर हत्ती तोफ व मगर तोफ या नावांच्या दोन लांब तोफा पडून आहेत. उन्हाच्या वेळी त्यांचे धातू इतके तापतात की हात टेकवत नाही. येथून दिसणाऱ्या बुरुजांची संख्या ११४ सांगतात. त्यांपैकी नवबुरूज हा विशेष निरखून पाहण्यासारखा : एकसंध गोलाकार ठेवण्याऐवजी त्याची बाह्य भिंत नऊ पाकळ्यांत विभागून बाहेर काढलेली असल्याने, सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पाकळीची सावली शेजारच्या पाकळीवर पडते आणि काळा दगड विलक्षण सौष्ठवाने उठून दिसतो. बारादरी, अंबरखाना, हत्तीखाना, मशीद, जुन्या मुन्सिफ कोर्टाची इमारत आदी अवशेष या फेरीत लागतात. तटाच्या कडेने चालताना पावलागणिक सावध असावे, कारण गवत माजलेल्या ऋतूत तटाची कड व झरोके नजरेस चटकन येत नाहीत. लहान मुलांना मोकळे सोडू नये. पाणी बरोबर घ्यावे आणि पायात चांगला जोडा असावा, येवढ्या दोन गोष्टी पुरेशा होतात.

मूळ किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा दुसरा लहान कोट यांना जोडणारा बांध हा नळदुर्गाचा मुकुटमणी होय. ऐंशी-नव्वद फूट उंचीचा हा बांध घडीव दगडांनी घळीच्या अरुंद जागी घातलेला असून त्यायोगे किल्ल्याच्या पायथ्याशी पाण्याचा साठा होतो, रणमंडळावर जाण्यास वाट मिळते, आणि वेढा घालणाऱ्या शत्रूला नदीच्या अंगाने जवळ येणे अशक्य होते. एकाच बांधकामाने पाणीपुरवठा, दळणवळण व संरक्षण अशी तिन्ही कामे साधावी, येथपर्यंत बेत व्यवहारचतुर राज्यकर्त्याचा. परंतु त्याच बांधाच्या पोटात, वरून पाणी कोसळत असता आत बसून ते पाहता यावे म्हणून महाल काढावा, ही बुद्धी केवळ बंदोबस्ताची नव्हे, ती रसिकाची आहे. संगीताचा व्यासंग असलेल्या दुसऱ्या इब्राहिमास ती शोभण्यासारखीच होती.

पाणीमहालात उतरण्याचा जिना बांधाच्या माथ्यावरूनच आत जातो. पायऱ्या अरुंद असून पावसाळ्यात ओलसर व शेवाळलेल्या असतात; भिंतीला हात लावून उतरावे लागते, आणि हाताला दगडाचा गारवा बाहेरच्या हवेहून वेगळा जाणवतो. पाण्याचा घोष प्रथम पायाखालून आल्यासारखा वाटतो, मग दोन्ही बाजूंनी येतो, आणि अखेर दालनात पाऊल टाकल्यावर महिरपी खिडकीतून पाण्याचा पडदा समोर दिसतो. बांधाच्या माथ्यावरील दोन सांडव्यांतून पडणाऱ्या या दोन धारांना नर व मादी अशी नावे आहेत. दोहोंच्या मध्ये उभा राहिलेला मनुष्य तुषारांनी फार तर चेहरा ओला करून घेतो. दालनात पाणी शिरत नाही. चार शतके नदीच्या पुराचे धक्के खाऊन ही चिरेबंदी अशी टिकून राहावी, यात त्या काळच्या स्थपतींच्या ज्ञानाची जी साक्ष मिळते तिच्यापुढे मस्तक नम्र होते. दालनात फारसी शिलालेख आहे. येथेच कोळशाने व खिळ्यांनी कोरलेली आधुनिक नावे दिसतात, ही अत्यंत दुःखाची गोष्ट आहे. जो दगड पाण्याने झिजला नाही तो पाहुण्यांनी विद्रूप करावा, हे येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःपुरते तरी थांबविले पाहिजे.

नर-मादी धबधबे केव्हा वाहतात याविषयी बाहेरगावच्या लोकांची पुष्कळदा निराशा होते. नदीच्या वरच्या अंगास असलेले बोरी धरण आधी भरावे लागते. ते भरून सांडव्यावरून पाणी सुटले म्हणजे किल्ल्यातील धारा सुरू होतात. मराठवाड्यातील पर्जन्याचा बराच भाग भाद्रपदाच्या अखेरीस व परतीच्या पावसाने पडत असल्याने सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ त्यातल्या त्यात खात्रीचा. अवर्षणाच्या साली धारा मुळीच पडत नाहीत. निघण्यापूर्वी गावात चौकशी करून घ्यावी. नदीस मोठा पूर असताना बांधाच्या माथ्यावरूनच पाणी जाऊ लागते, तेव्हा पाणीमहालाच्या वाटेकडे फिरकूही नये, आणि पहारेकऱ्याने मज्जाव केल्यास हुज्जत न घालता परत फिरावे. राज्य शासनाने किल्ल्याची देखभाल करारान्वये एका खाजगी संस्थेकडे सोपविल्यानंतर आतील झाडोरा साफ झाला, बागा लागल्या आणि साठलेल्या पाण्यात नौकाविहाराची सोय करण्यात आली. नावेतून पाहताना कड्याची खरी उंची प्रथमच ध्यानी येते, यास्तव ती संधी मिळाल्यास सोडू नये.

रविवारचा प्रातःकाळ नदीकाठास द्यावा. सूर्योदयाच्या सुमारास पाण्याच्या कडेला बगळे, पाणकावळे, खंड्या आणि तारेवर रांगेने बसणारे वेडे राघू सहज दिसतात. तटाच्या भेगांतून पाकोळ्यांचे थवे बाहेर पडतात आणि घारी कड्याच्या उबदार हवेवर तरंगू लागतात. बाभूळ, निंब, हिवर, तरवड आणि रानोमाळ पसरलेली सीताफळीची झुडपे हा येथील वनस्पतीसंभार. आश्विनात सीताफळे पिकली म्हणजे ती रस्त्याच्या कडेला टोपल्यांतून विकावयास येतात. रामतीर्थ हे नजीकचे स्थान श्रीरामाच्या वनवासाशी निगडित मानले जाते व सकाळच्या रपेटीस योग्य आहे.

नदीकाठच्या मैलारपूर येथील खंडोबाचे देवस्थान हे नळदुर्गाच्या लोकजीवनाचे खरे केंद्र म्हणता येईल. देव एक आणि देवळे दोन, अशी येथील रूढी आहे : वर्षाचा बहुतेक काळ देव सुमारे ४ किमी. अंतरावरील अणदूर येथे असतो आणि उरलेला काळ, पौष पौर्णिमेच्या यात्रेसह, नळदुर्गास मुक्कामाला येतो. देव नेताना व आणताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो आणि मगच मूर्ती हलविली जाते. दोन गावांनी एका दैवतावरील हक्क तंट्यावाचून, कागदावर सह्या करून, पिढ्यान् पिढ्या वाटून घ्यावा, हा लोकव्यवहारातील शहाणपणाचा फार मोलाचा दाखला आहे. यात्रेच्या दिवशी भंडाऱ्याने सारा परिसर पिवळा होतो आणि वाघ्या-मुरळींची गाणी रात्रभर चालतात. मात्र त्या सुमारास मुक्कामाची जागा मिळणे दुरापास्त असते.

धबधबा आटल्यावर नळदुर्गात काय आहे, असा प्रश्न विचारणाऱ्याने मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत यावे. भोवतालच्या रानात रब्बीची ज्वारी चिकात भरलेली असते आणि शेताशेतांतून हुरड्याचा धूर दिसू लागतो. जमिनीत खळगा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात, तिला आगटी म्हणतात. ताजी कणसे त्या आरात खुपसून, राख झटकून, तळहातावर चोळली की हिरवे, कोवळे, वाफाळलेले दाणे सुटतात. चोळणाऱ्याचे हात सरावलेले पाहिजेत. नवख्याचे तळवे पहिल्याच कणसाला पोळतात. शेंगदाण्याची झणझणीत चटणी, गूळ व दही यांसह झाडाच्या सावलीत बसून खाल्लेला हुरडा हे या प्रदेशाचे हिवाळ्यातील मुख्य सुख आहे, आणि ओळखीच्या शेतकऱ्याने आग्रह केला तर तो मोडू नये. थंडीच्या दिवसांत तटाची फेरीही अधिक सुखावह होते. हवा स्वच्छ असते, गवत वाळलेले असते आणि दूरवरच्या करडई-हरभऱ्याच्या शेतांचे चौकोन उपळी बुरुजावरून स्पष्ट दिसतात. वैशाखात मात्र येथील कातळ दिवसभर भाजत असल्याने सकाळी नवाच्या आत किल्ला उरकावा.

नळदुर्गास जाण्यास सोलापूर हे सर्वांत सोयीचे रेल्वे स्थानक असून तेथून उमरगा-हैदराबादकडे जाणाऱ्या एस.टी. गाड्या वारंवार मिळतात. मुक्कामाची व्यवस्था गावात माफक स्वरूपाची आहे. अधिक सोयी हव्या असणाऱ्यांनी तुळजापूर किंवा सोलापूर येथे उतरावे. टेलरच्या ‘तारा’ या कादंबरीचा आरंभ ज्या तुळजापुरात होतो, तेथील भवानीचे दर्शन घेऊन परतीच्या प्रवासास लागणे बहुतेक यात्रेकरू पसंत करतात. तेव्हा शुक्रवार, मंगळवार व पौर्णिमा हे गर्दीचे दिवस टाळून येण्याचा बेत आखलेला बरा.