गाळातले युद्ध

मुंबई बंदरात २०११ साली दोन वस्तू वर आल्या. फेब्रुवारी महिन्यात गोदीतील गाळ उपसताना सोन्याच्या लगडी सापडल्या आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे ४५ किलो वजनाचा एक जिवंत तोफगोळा मिळाला. दोहोंचा उगम एकाच दिवसात, १४ एप्रिल १९४४ या दिवसात, शोधण्यात आला. म्हणजे त्या दिवसाला सदुसष्ट वर्षे लोटल्यावरही त्याची सामग्री संपलेली नव्हती. युद्धाच्या समाप्तीची तारीख इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत सांगता येते. समुद्राच्या तळाशी मात्र ती तारीख पोचायला फार वेळ लागतो. युद्धातील सागरी शस्त्रे दशकानुदशके पाण्याखाली राहून पुन्हा वर येतात, तेव्हा ती केवळ धोका घेऊन येत नाहीत. आपण काय मोजले आणि काय मोजायचे राहून गेले, याचा हिशेबही ती समोर ठेवतात. मुंबईच्या गोदीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

‘फोर्ट स्टिकीन’ ही मालवाहू बोट १९४२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रिन्स रूपर्ट येथे बांधली गेली. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ती इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाली आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागली. तिच्या पोटात सुमारे १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता. त्यात पाणतीर होते, सागरी सुरुंग होते, तोफगोळे होते. यांपैकी २३८ टन माल अतिसंवेदनशील वर्गातील होता. शिवाय सुमारे आठ लाख नव्वद हजार पौंड किमतीचे सोने एकतीस पेट्यांत, प्रत्येक पेटीत चार लगडी अशा रीतीने भरलेले होते. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या गाठी, वंगणाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड व मासळीचे खत असा माल चढवण्यात आला. दोन क्रमांकाच्या खणात कापूस खाली आणि स्फोटके त्याच्या वरच्या मजल्यावर, अशी रचना झाली. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांनी या विचित्र मिश्रणाविषयी आपली नापसंती नोंदवली होती. परंतु युद्धकाळात बोटींची व जागेची टंचाई एवढी होती की सावधगिरीचे साधे नियमही ऐनवेळी बाजूला पडत असत.

बोट धक्क्याला लागून अठ्ठेचाळीस तास झाले तरी स्फोटकांचा मोठा साठा तिच्यातच होता. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन क्रमांकाच्या खणात आग लागल्याचे ध्यानात आले. बंबवाल्यांनी नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडले. कापूस मात्र धुमसतच राहिला, आणि उष्णतेने बोटीभोवतीचे पाणी उकळू लागले. बोट ओढून बाहेर न्यावी की जागीच बुडवावी, यावर खल झाला. धक्क्याजवळचे पाणी ती पुरती बुडण्याइतके खोल नव्हते. निर्णय होण्यापूर्वीच वेळ संपली. तीन वाजून पन्नास मिनिटांनी बोट सोडून जाण्याचा हुकूम सुटला आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दुसरा, त्याहून मोठा, चार चौतीसला. पहिल्या स्फोटाने बोटीचे दोन तुकडे केले आणि बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. पेटता कापूस, लोखंडाचे तुकडे आणि सोन्याच्या लगडी यांचा एकच वर्षाव मांडवी व मशीद बंदराच्या दाट वस्तीवर झाला. शेजारच्या धक्क्यावरील ‘जलपद्म’ ही सिंदिया कंपनीची बोट उचलली जाऊन धक्क्यावर आदळली. ही कंपनी उभी करणाऱ्यांत वालचंद हिराचंद हे प्रमुख होते. त्यांनीच १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला होता. आज के. आर. पुरमसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या उपनगरातून काही मैलांवर त्या कारखान्याचा विस्तार दिसतो. युद्धाची यंत्रणा किनाऱ्यापासून पठारापर्यंत अशी एकाच धाग्याने बांधलेली होती. तिची ठिणगी पडली तेव्हा मात्र जळाले ते बंदर आणि बंदराच्या आश्रयाने राहणारी माणसे.

या दुर्घटनेची वार्ता मुंबईबाहेर पडायलाही परवानगी लागली. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने ती १५ एप्रिललाच जगाला सांगितली; हिंदुस्थानातील वार्ताहरांना मात्र सविस्तर वृत्त धाडण्याची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. तोवर आग आटोक्यात आली होती, आणि पुढे सुमारे आठ हजार माणसांनी सात महिने खपून जवळजवळ पाच लाख टन ढिगारा हलवला. गोदी पुन्हा चालू झाली. चौकशी आयोगाने आगीचे कारण बहुधा निष्काळजी धूम्रपान असावे असे मत दिले. विमा नसलेल्या किंवा विम्याने न भरून निघणाऱ्या नुकसानीसाठी सरकारने वटहुकूम काढून भरपाईची सोय केली. कागदोपत्री प्रकरण मिटले.

कागदोपत्री मिटलेले प्रकरण गाळात मिटत नाही, याला शास्त्रीय कारण आहे. दारूगोळ्याचे आयुष्य त्याच्या लोखंडी कवचाच्या आयुष्यावर ठरत नाही. टी. एन. टी. सारखे स्फोटक पाण्यात फार अल्प प्रमाणात विरघळते आणि वर्षानुवर्षे आपली शक्ती टिकवून धरते. मुंबई बंदरातील गाळ दाट व चिकट आहे. खाड्यांमधून वाहून येणारी माती दर पावसाळ्यात त्यावर नवा थर घालते. खोल थरात प्राणवायू पोचत नाही, म्हणून गंज सावकाश चढतो. कवच गंजले तरी आतील द्रव्य निरुपद्रवी झाले असे मानता येत नाही. उलट काही जुन्या स्फोटकांचा धातूशी संयोग होऊन पूर्वीपेक्षा अधिक चटकन भडकणारे क्षार तयार होतात. स्फोट घडवून आणणारी कळ कोणत्या अवस्थेत आहे, हे बाहेरून कळत नाही. गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या जबड्यात लोखंडाचा एखादा गंजका गोळा आला, की तो भंगार आहे की जिवंत, हे ठरवण्यासाठी काम थांबवून जाणकारांना पाचारण करावे लागते. यंत्र चालवणारा कामगार युद्धानंतर कैक वर्षांनी जन्मलेला असतो. तरी त्या क्षणी तो युद्धक्षेत्रातच उभा असतो.

मुंबईच्या समुद्राला हा अनुभव १९४४ च्या आधीही आला होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे ‘वुल्फ’ हे जहाज साध्या मालवाहू बोटीच्या वेषात हिंदी महासागरात शिरले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याने कोलंबो व मुंबई यांच्या समोरच्या पाण्यात सुरुंग पेरले. ‘वुल्फ’ निघून गेले, सुरुंग राहिले. चार महिन्यांनी, २३ जून १९१७ रोजी, पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही प्रवासी बोट मुंबईकडे येत असताना त्यांतील एका सुरुंगावर आदळून बुडाली. याच जहाजाने न्यूझीलंडजवळ पेरलेल्या सुरुंगाने ‘विमेरा’ ही बोट जून १९१८ मध्ये बुडवली. त्या वेळी ‘वुल्फ’ कील बंदरात सुखरूप परतून चार महिने झाले होते. नेम धरणारा हात दूर गेल्यावरही शस्त्र आपले काम करत राहते, हा या प्रकाराचा विशेष. जुन्या सुरुंगाच्या शिंगात काचेची कुपी असे. आघाताने ती फुटली की आतील द्रव ओघळून विजेचा प्रवाह सुरू होई. आधीपासून भारलेली बॅटरी लागत नसल्यामुळे अशी रचना दीर्घकाळ सज्ज राहू शके.

राष्ट्रांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९०७ च्या हेग परिषदेतील आठव्या करारात असे ठरले होते, की नांगरलेला सुरुंग साखळदंडातून सुटताच निरुपद्रवी व्हावा, नेम चुकलेला पाणतीरही निरुपद्रवी व्हावा, आणि युद्ध संपल्यावर ज्याने सुरुंग पेरले त्याने ते काढण्यासाठी होईल तेवढे करावे. करार चांगला होता. पण सुरुंगाला करार वाचता येत नाही, आणि जिंकलेल्या वा हरलेल्या पक्षाला जुन्या पाण्यात परतण्याची फारशी हौस नसते. बंगालच्या उपसागरात १९७१ च्या युद्धानंतर चितगावच्या बंदराचा मार्ग सुरुंगांनी व बुडालेल्या बोटींनी अडला होता. तो मोकळा करण्यासाठी आलेल्या सोव्हिएत आरमाराला १९७२ पासून १९७४ पर्यंत तेथे काम करावे लागले, आणि त्यात त्यांचा एक तरुण नाविक दगावला. तेरा दिवसांच्या युद्धाची साफसफाई दोन वर्षे चालली, हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

‘फोर्ट स्टिकीन’च्या कहाणीला दूर इंग्लंडमध्ये एक विलक्षण जोड आहे. त्याच १९४४ सालच्या ऑगस्ट महिन्यात ‘रिचर्ड माँटगोमेरी’ ही अमेरिकन मालवाहू बोट टेम्स नदीच्या मुखाशी, शीअरनेस गावासमोर वाळूत रुतली व फुटली. बराचसा माल काढून घेण्यात आला. उरला तो सुमारे चौदाशे टन दारूगोळा. म्हणजे जवळजवळ तेवढाच, जेवढा मुंबईत होता. मुंबईतला त्या दुपारी उडाला. टेम्सच्या मुखाशी असलेला उडाला नाही, पण तो हलवण्याचे धाडसही कोणी केले नाही. बोटीभोवती जलवाहतुकीला बंदी घालण्यात आली, आणि पाण्यावर डोकावणाऱ्या तिच्या डोलकाठ्या कित्येक दशके सागराच्या पटावर इशाऱ्यासारख्या उभ्या राहिल्या. या दोन बोटी शेजारी ठेवून पाहिल्या की सागरी दारूगोळ्यापुढे माणसाला किती थोडे पर्याय उरतात हे दिसते. एके ठिकाणी निर्णयाला तास अपुरे पडले. दुसऱ्या ठिकाणी वर्षे हाताशी असूनही निर्णय लांबत राहिला.

आता हिशेबाकडे वळू. सोन्याचा हिशेब चोख होता. एकतीस पेट्या, प्रत्येकीत चार, म्हणजे एकशे चोवीस लगडी; त्यामुळे एखादी लगड सापडली की ती कोणाची हे कळे आणि किती उरल्या हेही कळे. काही लगडी घरांवर पडल्या, काही गाळात गेल्या, आणि दशके लोटल्यावर गाळ उपसताना वर येत राहिल्या. बहुतेक सर्व सोने अखेर परत मिळाले.

माणसांच्या बाबतीत असे झाले नाही. गोदीच्या विविध सेवांतील २३१ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत ६६ अग्निशामक होते, हा आकडा मिळतो, कारण ही माणसे कोणत्या ना कोणत्या नोंदवहीत होती. नागरिकांविषयी मात्र ‘पाचशेहून अधिक’ असे मोघम लिहिले जाते; एकूण मृतांचा अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत झुलतो. या दोन आकड्यांमध्ये पाचशे माणसांचे अंतर आहे. लढाईच्या काळातील वृत्तनियंत्रण हे याचे एक कारण. दुसरे कारण बंदराच्या श्रमव्यवस्थेत दडलेले आहे. त्या काळी मालाची चढउतार करणारे कितीतरी मजूर टोळीवाल्यांच्या हाताखाली रोजंदारीवर येत. काम असेल त्या दिवशी माणूस हजर, नसेल त्या दिवशी तो कोणाच्याच खाती नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेला असा मजूर त्या दुपारी गोदीत होता की नव्हता, हे सांगणारा कागद बहुधा कोठेच नसे. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला आणि त्यानंतर नोंदणीची पद्धत हळूहळू रुजली. तोवर लगडीला क्रमांक होता, माणसाला नव्हता.

दारूगोळ्याची गणना या दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहते. किती टन चढवला हे ठाऊक होते. किती उडाला आणि किती नुसता विखुरला, हे मोजण्याची सोय नव्हती. २०११ साली सापडलेला तोफगोळा अशा बेहिशेबी उरलेल्यांपैकी एक मानावा लागतो. त्याची कोणी वाट पाहिली नव्हती. कोणत्याही यादीत त्याच्यापुढे ‘येणे बाकी’ असे लिहिलेले नव्हते.

१८८० साली सुरू झालेली प्रिन्सेस गोदी आणि तिच्यानंतर आलेली व्हिक्टोरिया गोदी, दोन्ही कंटेनर वाहतुकीसाठी जागा करण्याच्या प्रकल्पात भराव घालून बुजवण्यास घेण्यात आल्या. ज्या पाण्यात ‘फोर्ट स्टिकीन’ दुभंगली त्या पाण्याच्या जागी जमीन झाली. भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रात शहीद अग्निशामकांचे स्मारक आहे, आणि १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ही स्मृती उचित आहे. तिच्यात नावे असलेल्यांना स्थान मिळाले. नावे नसलेल्यांना ते देणे कोणत्याही स्मारकाला कठीण असते.

इतिहासकार दप्तरांवर विसंबतो, आणि दप्तर ज्याला मोल होते त्याचीच नोंद ठेवते. समुद्राचा तळ असा निवडा करत नाही. त्याने सोने ठेवले, शिसे ठेवले, गोळा ठेवला, आणि ज्यांची हाडेही कोणी मागायला आले नाही त्यांनाही ठेवून घेतले. गाळ उपसणारा त्यांपैकी सोने परत करतो आणि गोळा निकामी करतो. उरलेल्यांचा शोध यंत्राने लागणारा नाही. त्यासाठी जुन्या चाळींतील कुटुंबांच्या आठवणी, गावाकडच्या घरांत जपलेली पत्रे, न आलेल्या मनिऑर्डरींच्या कहाण्या गोळा कराव्या लागतील. ते काम गोदीच्या सफाईइतके खर्चाचे नाही. ते ऐकणारे लोक मात्र दरवर्षी कमी होत आहेत.