लोखंडाचा थकवा

ता. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्सांतील व्हर्साय येथें राजा लुई फिलिप याच्या सन्मानार्थ उत्सव होता. राजोद्यानांतील कारंजीं पाहून पॅरिसकडे परतणाऱ्या लोकांनीं सायंकाळची आगगाडी तुडुंब भरली होती. म्यूदों गांवाजवळ पुढच्या एंजिनाचा आंस एकाएकीं मोडला. मागचे डबे त्यावर येऊन आदळले आणि भट्टींतील निखाऱ्यांनीं ते पेटले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें डब्यांच्या दारांना बाहेरून कुलुपें होतीं. पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. दक्षिण ध्रुवाकडील समुद्र धुंडाळून सुखरूप परत आलेला दर्यावर्दी द्यूमों द्युर्व्हिल पत्नी व पुत्र यांसह त्यांतच गेला.

आंसावर त्या दिवशीं कांहीं अचाट भार नव्हता. रोज जो भार तो वाहत असे, तोच वाहतांना तो मोडला. आणि असे आंस इतरत्रही मोडत होते. मोडलेल्या तोंडाशीं पाहावें तों चमकणारे खडबडीत कण दिसत. उत्तम घडीव लोखंड ओढून तोडलें तर आंत लांकडासारखे तंतू दिसतात. तेव्हां धक्क्यांनीं व कंपनांनीं तंतूंचे स्फटिक होऊन लोखंड ठिसूळ बनत असावें, असा निष्कर्ष अनेक एंजिनियरांनीं काढला. हा तर्क चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. डोळ्यांना जें दिसलें तेंच ते सांगत होते.

स्कॉटलंडच्या विल्यम रँकिननें १८४३ सालीं, वयाच्या २२-२३ व्या वर्षीं, निराळें कांहीं पाहिलें. आंसाची जाडी जेथें एकदम कमी होते, त्या खांद्याच्या कोंपऱ्याशीं बारीक चीर पडते; ती सभोंवार पसरत हळूहळू आंत शिरते आणि मधला गाभा उरतो तो शेवटीं भार न साहून मोडतो. खांदा काटकोनी न ठेवतां गोलाईनें उतरवावा, असा त्याचा सल्ला होता.

परंतु किती भारानें, किती काळानें आंस मोडेल? याचें उत्तर पाहण्यानें मिळणारें नव्हतें. मोजावयास हवें होतें. तें काम जर्मनींत ओडर नदीवरील फ्रांकफुर्ट येथें आउगुस्ट व्होलर या रेल्वेच्या एंजिनियरानें अंगावर घेतलें. धांवत्या गाडीचा आंस किती वांकतो हें त्यानें प्रथम मोजलें. मग भार टांगलेला आंस अखंड फिरत राहील असें यंत्र रचलें. फिरत्या आंसाची जी बाजू वर असतां ताणली जाते, तीच अर्ध्या फेऱ्यानंतर खालीं येऊन दाबली जाते. एक मीटर व्यासाचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ३१८ फेरे घेतें. म्हणजे तितक्या वेळां ताण व दाब. बारीक तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं, मागेंपुढें वांकवीत राहिलें कीं कट्‌कन तुटते. तोच हा प्रकार, फक्त वांक डोळ्यांना न दिसण्याइतका अल्प.

वर्षानुवर्षें फेरे मोजून व्होलरनें १८७० सालीं आपले निष्कर्ष पूर्णपणें मांडले. एकदां सहज पेलणारा भारही लक्षावधि वेळां येऊन आंस मोडूं शकतो. भार कमी तर फेरे अधिक लागतात. आणि लोखंड-पोलादांत ताणाची अशी एक मर्यादा आढळते कीं, तिच्या आंत कोट्यवधि फेऱ्यांनींही नमुना मोडत नाहीं. या विकाराला ‘थकवा’ हें नांव रूढ झालें. नांव गोड, पण फसवें. थकलेला माणूस विसाव्यानें ताजा होतो, आंस होत नाहीं.

तंतू व स्फटिक यांचा वाद मात्र रेंगाळत राहिला. १९०३ सालीं यूइंग व हंफ्री यांनीं स्वीडिश लोखंडाचा गुळगुळीत केलेला नमुना वारंवार वांकवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला. आरंभींच्या फेऱ्यांत कांहीं कणांवर बारीक रेषा उमटल्या. फेरे वाढतांच त्या रुंदावल्या, आणि अखेर त्यांच्याच जागीं चिरा पडल्या. कण नवे झाले नव्हते. लोखंड मुळापासूनच स्फटिकांचें होतें.