फ्रान्सचे कार्यकारी मंडळ (पाचवे प्रजासत्ताक)

लोकनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला जबाबदार पंतप्रधान यांच्यात सत्ता विभागणारी अर्धअध्यक्षीय शासनव्यवस्था (पहा : अध्यक्षीय शासनपद्धती, संसदीय शासनपद्धती). चौथ्या प्रजासत्ताकातील अल्पजीवी मंत्रिमंडळे आणि अल्जीरियातील पेचप्रसंग यांतून १९५८ चे संविधान आले (पहा : द गॉल, शार्ल). १९६२ च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक ठरली. २००० मध्ये मुदत ७ वरून ५ वर्षांवर आली.

राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाची नेमणूक करतो, मंत्रिमंडळाच्या बैठकीचे अध्यक्षस्थान भूषवतो आणि राष्ट्रसभा (संसदेचे कनिष्ठ सभागृह) विसर्जित करू शकतो. पंतप्रधानाला बडतर्फ करण्याचा स्पष्ट अधिकार मात्र संविधानात नाही. राजीनामा मागून घेतला जातो. अविश्वास ठराव फक्त राष्ट्रसभाच संमत करू शकते. १९६२ व २०२४ मध्ये तसे घडले.

राष्ट्रसभेत विरोधकांचे बहुमत आल्यास ‘सहवास’ घडतो (१९८६–८८, १९९३–९५, १९९७–२००२). अशा काळात अंतर्गत कारभार पंतप्रधानाकडे झुकतो. परराष्ट्र व संरक्षण यांवर राष्ट्राध्यक्षाचा प्रभाव राहतो. जुलै १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मीतेराँ यांनी खाजगीकरणाच्या अध्यादेशावर सही नाकारली. तेव्हा पंतप्रधान शिराक यांच्या सरकारने तोच मजकूर विधेयकरूपाने संसदेत संमत करून घेतला. या मिश्र पद्धतीची सैद्धांतिक मांडणी मॉरिस द्यूव्हर्जे यांनी केली.