भिंगारोपणातील दुर्मीळ गुंतागुंती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पुणे-सातारा महामार्गावरील किकवी (ता. भोर) यांसारख्या गावांतील वृद्ध मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शहर किंवा नेत्रशिबिर गाठतात व लवकरच घरी परततात. शस्त्रक्रिया थोड्या वेळात आटोपते. भिंग मात्र आयुष्यभर डोळ्यात राहते. त्यामुळे काही गुंतागुंती अनेक वर्षांनी प्रकट होतात.

ऐतिहासिक वाटचाल :
दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या अ‍ॅक्रिलिक छताचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही फारसा दाह होत नाही, असे हॅरोल्ड रिडली यांच्या निदर्शनास आले. त्याआधारे त्यांनी १९४९-५० मध्ये लंडन येथे पहिले भिंगारोपण केले. त्यांची भिंगे जड असल्याने काही डोळ्यांत ती जागेवरून सरकली. त्यावर उपाय म्हणून १९५० च्या दशकात भिंग बाहुलीच्या पुढे बसविण्यात येऊ लागले; परंतु त्यामुळे पारपटलास इजा होऊन अनेक भिंगे काढावी लागली. १९७८ मध्ये एलिंगसन यांनी डोळ्यातील दाह, काचबिंदू व रक्तस्राव यांच्या एकत्रित विकाराचे वर्णन केले. भिंगाची कड परितारिकेवर घासणे, हे त्याचे कारण होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही मृदू भिंगांवर कॅल्शियमचा थर साचून ती धूसर झाल्याचे आढळले. अशा वेळी भिंग बदलावे लागते. नैसर्गिक पिशवीसह भिंग निखळण्याची घटनाही बरीच वर्षे उलटल्यावर घडू शकते.

भारतीय संदर्भ :
राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्त भिंगांचे उत्पादन आरंभिले. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राचाही समावेश होता. जाड चष्म्याची जागा हळूहळू भिंगाने घेतली.

निष्कर्ष :
वरील प्रत्येक दोष रुग्ण पुन्हा वैद्यांकडे आला म्हणूनच ज्ञात झाला. जो परतला नाही, त्याचा डोळा इतिहासात नोंदलाच गेला नाही. म्हणून भिंगाचा प्रकार, क्रमांक व शस्त्रक्रियेची तारीख दर्शविणारे कार्ड शिधापत्रिकेइतकेच जपले पाहिजे. डोळा लाल होणे, दुखणे किंवा दृष्टी अचानक मंदावणे यांस ‘वयाचा दोष’ न मानता तत्काळ तपासणी करावी. किकवीसारख्या गावात शिबिराची खरी सांगता शस्त्रक्रियेने नव्हे, तर पुनर्तपासणीने होते.