पाणथळीतील पाण्याची वाट

बंगळूरच्या पूर्वेस, महादेवपुरा भागात, बेळ्ळंदूर आणि वर्तूर ही दोन मोठी तळी आहेत. कन्नड भाषेत तळ्याला ‘केरे’ म्हणतात. वरची केरे भरली की सांडव्यावरून पाणी खालच्या केरेत उतरावे, अशी ही जुनी रचना. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरला येते आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. पावसासाठी घातलेल्या या वाटेने पुढे शहराचे सांडपाणी वाहू लागले. २०१५ साली सांडव्यावरचा फेस रस्त्यावर उडाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये बेळ्ळंदूरच्या तळ्यातून धुराचे लोट उठले. जळात अग्नी, हे ऐकून आपल्याला पुराणातला वडवानल आठवावा!

अशा वेळी पाणवनस्पती लावून पाणी शुद्ध करण्याचा उपाय सुचविला जातो. उपाय खोटा नाही. मात्र त्याचा इतिहास पाहिला, तर खरा प्रश्न वनस्पतींपेक्षा पाण्याच्या वाटेचा आहे, असे दिसते.

१९५० नंतरच्या दशकात जर्मनीत केटे झायडेल या विदुषींनी लव्हाळ्यासारख्या वनस्पतींवर सांडपाणी सोडून प्रयोग केले. त्यांच्यामागून राइनहोल्ट किकुट यांनी मातीचे वाफे करून त्यांत देवनळ लावला; १९७४ साली ओटफ्रेझेन गावी असा वाफा चालू झाला. मुळे मातीत शिरतील, तिला सच्छिद्र करतील आणि पाणी आतून झिरपत जाईल, अशी त्यांची खात्री होती. डेन्मार्कने याच भरवशावर असे अनेक वाफे बांधले. पण मुळांनी माती अपेक्षेइतकी मोकळी केली नाही. पाणी आत न शिरता वरूनच वाहून गेले. फ्रान्सच्या दिझों शहरी आंरी दार्सी यांनी वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते, याचा नियम १८५६ सालीच मांडला होता. त्याचा हिशेब मातीला चुकविता आला नाही. पुढे मातीऐवजी खडी आली.

खडीनेही सारे साधले नाही. समजा, वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर खोल असा खडीचा वाफा आहे आणि त्यात चाळीस टक्के पोकळी आहे. तर आत अठ्ठेचाळीस घनमीटर पाणी मावेल. रोज चोवीस घनमीटर सोडले, तर प्रत्येक थेंब सरासरीने दोन दिवस आत राहील. एका दिवसात निम्मी घाण नाहीशी होते असे धरल्यास दोन दिवसांनी पाव भाग उरावा. पण अर्धे पाणी आडवाटेने अर्ध्या दिवसात बाहेर पडले आणि उरलेले साडेतीन दिवस रेंगाळले, तर सरासरी तीच राहूनही पावाऐवजी सुमारे चाळीस टक्के घाण उरते. सरासरी किती फसवी असते, ते येथे कळते. रासायनिक कारखान्यांतील पात्रांसाठी या वास्तव्यकालाच्या विभागणीचा विचार डँकवर्ट्‌स यांनी १९५३ साली मांडला. पाणथळींचे अभियंते तो पुढे वापरू लागले. वाफा म्हणजे एकामागोमाग ठेवलेले काही हौद, असे गणिती प्रारूप ते कल्पितात. हौदांची संख्या जितकी थोडी, तितकी पाण्याची सरमिसळ अधिक.

आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘फायटोरिड’ नावाची पद्धत सिद्ध केली असून मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात ती वापरली गेली. बंगळूरच्या उत्तरेस जक्कूरचे तळे आहे. तेथे शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आधी पाणथळीतून जाते आणि मगच तळ्यात उतरते. क्रम महत्त्वाचा आहे: घाणीचा मोठा बोजा केंद्राने उचलायचा आणि उरलेले काम पाणथळीने करायचे.

वर्तूरसारख्या केरेत, जेथे सांडपाणी थेट आले, तेथे तळ्यालाच दोन्ही कामे करावी लागली. गाळाने खोली घटली की पाण्याचा मुक्काम कमी होतो. जलपर्णीच्या दाट थराखाली प्राणवायू पोचत नाही. हा मुक्काम जोखण्याची रीत साधी आहे. मुखाशी मीठ किंवा रंग सोडायचा आणि सांडव्यापाशी तासातासाने नमुने घेत बसायचे. रंग अपेक्षेच्या फार आधी दिसला, तर पाण्याने आडवाट शोधली आहे, असे समजावे.