रोमन रौप्यमुद्रेचा प्रकारनिर्णय

महाळुंगे (तालुका मुळशी) येथें आमच्याकडे जुनीं नाणीं दाखविण्यास येणारे गृहस्थ बहुधा प्रथम एकच प्रश्न करितात : हा मुखवटा कोणाचा? रोमन रौप्यमुद्रेविषयीं हा प्रश्न शेवटीं विचारावयाचा असतो, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

आपल्या ‘दीनार’ शब्दाचें मूळ जें रोमन ‘डेनेरियस’, तें रुप्याचें नाणें होय. ऑगस्टस व टायबेरियस या दोन बादशहांचीं अशीं नाणीं दक्षिण भारतांत विशेष सांपडतात. ऑगस्टसचा त्यांतील प्रमुख प्रकार लुग्दुनुम (हल्लींचें लियों) येथील टांकसाळींत इ. स. पूर्व २ पासून पडूं लागला. मागील बाजूस त्याचे दत्तक पुत्र गायस व ल्युशियस उभे असून मध्यें ढाली व भाले आहेत. वरच्या अंगास दोन लहान चिन्हें दिसतात : एक यज्ञांतील पळी, दुसरें शकुनज्ञाचा वक्रदंड. गायस पुरोहितमंडळांत होता व ल्युशियस शकुनज्ञांत. म्हणून हीं चिन्हें. बहुतेक नाण्यांवर पळी डावीकडे व दंड उजवीकडे असतो. कांहींवर हा क्रम उलटा आहे, तर कांहींवर फुलीसारखें एक अक्षर अधिक आहे. प्रकारभेद ठरतो तो येथें. टायबेरियसच्या नाण्यावर आसनस्थ स्त्री असते. तिच्या आसनाचे पाय साधे कीं नक्षीदार, आणि खालील आधाररेषा एक कीं अधिक, हें पाहावें.

मुखवट्यावर विसंबल्यास काय होतें, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें १९०६ सालीं क्षहरात नहपानाच्या सुमारें १३,२५० रौप्यमुद्रांचा सांठा मिळाला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आहे. या नाण्यांवरील मुखवटे परस्परांहून इतके भिन्न आहेत, कीं ते एकाच पुरुषाचे मानणें कठीण. हे घराण्यांतील निरनिराळे पुरुष असावेत असा एक पक्ष. कारागिरांनीं रोमन मुखवट्यांचें अनुकरण केलें असा दुसरा. भडोच बंदरीं रोमन नाणीं नफ्यानें बदललीं जात, हें ‘पेरिप्लस’ ग्रंथावरून कळतें; त्यामुळें दुसरा पक्ष आम्हांस सयुक्तिक वाटतो. मुखवटे कितीही बदलले तरी ब्राह्मी व खरोष्ठी लेखांत नांव मात्र नहपानाचेंच आहे. निर्णय लेखानें होतो, नाकाडोळ्यांनीं नव्हे.

प्रस्तुत लेखकाकडूनही ही चूक घडली आहे. झिजलेलें एक नाणें केवळ मुखवट्यावरून आम्हीं रोमन ठरविलें व धन्यास तसें कळविलें. पुढें मागील बाजूस बाण व वज्र अंधुक दिसलीं, आणि वजनही दोन ग्रॅमच्या जवळपास भरलें. ऑगस्टसचा दीनार साडेतीन ग्रॅमहून अधिक भरतो. तें नहपानाचें होतें.

यास्तव संग्राहकांस विनंति कीं, नाणें हातीं येतांच प्रथम वजन करावें, नंतर दोन्ही बाजूंचे ठसे घेऊन लेख वाचावा, तदनंतर लहान चिन्हें तपासावीं. चिंच वा राख लावून नाणें उजळूं नये. मुखवटा ठळक असल्यानें घासूनही टिकतो. पळी व दंड मात्र आधीं जातात, आणि त्यांबरोबर नाण्याची साक्षही जाते.