आंतरराष्ट्रीय वारसा-संवर्धन आंतरवासितेसाठी अर्ज : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

ऐतिहासिक वास्तू, स्थळे व वसाहती यांची नोंद, दुरुस्ती आणि देखभाल यांचे शिक्षण प्रत्यक्ष कामातून मिळावे म्हणून विद्यार्थी किंवा नवोदित व्यावसायिक परदेशातील संस्थेत, अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखाली, ठराविक मुदतीपुरता दाखल होतो, तेव्हा त्या व्यवस्थेला आंतरराष्ट्रीय वारसा-संवर्धन आंतरवासिता म्हणतात. संवर्धन याचा अर्थ येथे मूळ सामग्री व रचना यांना शक्य तितका कमी हात लावून वास्तूचे आयुष्य वाढवणे असा घेतला जातो. जुने पाडून त्याच जागी नवे बांधणे किंवा दगडी मंदिराला ऑइल पेंटचा हात देणे ही कामे श्रद्धेने केली जात असली, तरी ती या व्याख्येत बसत नाहीत.

या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचा पाया दुसऱ्या महायुद्धानंतर घातला गेला. युनेस्कोच्या १९५६ सालच्या नवी दिल्ली येथील सर्वसाधारण परिषदेत सांस्कृतिक संपत्तीच्या संवर्धनासाठी एक स्वतंत्र केंद्र काढण्याचा निर्णय झाला आणि आज इक्रोम या नावाने ओळखले जाणारे ते केंद्र १९५९ मध्ये रोम येथे सुरू झाले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने संवर्धनाची तत्त्वे मांडली आणि पुढील वर्षी इकोमॉस, म्हणजे स्मारके व स्थळे यांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद, स्थापन झाली. इकोमॉसच्या अमेरिकी राष्ट्रीय समितीने १९८४ मध्ये ब्रिटनशी तरुण व्यावसायिकांची अदलाबदल सुरू केली आणि पुढे ती इतर अनेक देशांतील उमेदवारांना खुली झाली. या उन्हाळी आंतरवासितांत उमेदवारांनी केलेल्या कामाचा मोठा भाग वास्तूंच्या मोजणी-आरेखनाचा, म्हणजे उभी असलेली वास्तू प्रत्यक्ष मोजून तिचे प्रमाणबद्ध नकाशे काढण्याचा, होता. १९३३ पासून चालू असलेले अमेरिकेचे ऐतिहासिक इमारत सर्वेक्षण याच पद्धतीवर उभे असून त्याची रेखाटने तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन केली जातात.

अर्ज करण्यापूर्वी आंतरवासिता, अभ्यासक्रम आणि स्वयंसेवा यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक असते. इक्रोमचे दगड किंवा लाकूड यांच्या संवर्धनाचे अभ्यासक्रम आधीच नोकरीत असलेल्या व्यावसायिकांसाठी असतात. फ्रान्समधील रँपार या १९६६ पासूनच्या संघटनेची शिबिरे, तसेच युनेस्कोचा २००८ मध्ये सुरू झालेला जागतिक वारसा स्वयंसेवक उपक्रम, यांत काही आठवडे हाताने काम करता येते व पूर्वानुभवाची अट सौम्य असते. ब्रिटनमधील कामासाठी १९८१ मध्ये स्थापन झालेला चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीय उमेदवारांना कला व वारसा या विषयांत साहाय्य देतो. वास्तुकला, पुरातत्त्व, स्थापत्य अभियांत्रिकी, इतिहास, संग्रहालयशास्त्र व भूदृश्यरचना अशा अनेक शाखांतून या क्षेत्रात प्रवेश होत असल्याने गोंदियातील एखादी इतिहासाची पदवीधर किंवा नागपूरला वास्तुकला शिकणारा तिरोड्याचा विद्यार्थी हे दोघेही पात्र ठरू शकतात. मात्र पहिलीने अभिलेख व मौखिक परंपरा यांवर आणि दुसऱ्याने रेखाटनावर भर देणे योग्य होय.

अर्जात सामान्यतः आत्मवृत्त, उद्देशपत्र, गुणपत्रके, दोन किंवा तीन शिफारसपत्रे, इंग्रजी अथवा यजमान देशाच्या भाषेच्या ज्ञानाचा पुरावा आणि कार्यसंग्रह मागितला जातो. कार्यसंग्रह म्हणजे उमेदवाराने केलेल्या निवडक कामांचा सुसूत्र संच, आणि निवड बहुधा त्यावरच ठरते. महानगरांतील उमेदवारांच्या संग्रहांत नामांकित इमारतींचीच रेखाटने पुन्हा पुन्हा येतात. त्याउलट १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात अशी स्थळे विपुल आहेत की ज्यांचे आधुनिक पद्धतीने मोजणी-आरेखन करणारा विद्यार्थी नवे ज्ञान निर्माण करतो. या जिल्ह्याच्या उमेदवाराने अर्जासाठी वेरूळ किंवा मुंबई गाठण्याचे कारण नाही.

त्यांत सर्वांत समृद्ध विषय तलावांचा. धानशेतीच्या या प्रदेशात गोंड राजवटीच्या काळापासून, विशेषतः कोहळी समाजाच्या कौशल्यातून, मातीच्या पाळी घालून तलाव व बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधल्या गेल्या. नवेगावबांध हा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. ब्रिटिश अमदानीत गावचा सारा भरण्याची जबाबदारी असलेल्या मालगुजारांकडे या तलावांची व्यवस्था होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, मोठे तलाव पाटबंधारे विभागाकडे व लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, आणि माजी मालगुजारी तलाव याचे ‘मामा तलाव’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले. पाळ, जादा पाणी वाहून नेणारा सांडवा, पाण्याची पातळी उतरेल तसतशी वरून खाली एकेक भोके उघडून शेताकडे पाणी सोडणारे तुडूम, आणि तेथून निघणारे पाट हे सारे एकाच यंत्रणेचे अवयव असल्यामुळे त्यांपैकी एकाचेच सुंदर चित्र काढून भागत नाही. पाणलोटापासून शेवटच्या बांधीपर्यंतचा नकाशा, पाळीचा छेद, तुडुमाचे तपशीलवार रेखाटन आणि पाणीवाटपाचे गावातील नियम मिळून एक पूर्ण नोंद होते. अशा तलावाची माती दरवर्षी बदलते, पाळ पुन्हा पुन्हा भरली जाते, त्यामुळे ‘मूळ सामग्री’ हा व्हेनिस सनदेचा निकष त्याला अपुरा पडतो. अस्सलपणा हा सामग्रीइतकाच उपयोग, परंपरा व तंत्र यांतही शोधावा असे सांगणारा १९९४ चा नारा दस्तऐवज आणि लोकवास्तूंविषयीची इकोमॉसची १९९९ ची सनद यांचा आधार घेऊन उमेदवाराने हा प्रश्न उद्देशपत्रात मांडल्यास निवड-समितीला त्यात स्वतंत्र विचार दिसतो. या विषयाला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे याचा दाखलाही महाराष्ट्रातच उपलब्ध आहे: मालवण तालुक्यातील धामापूर तलावाला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाच्या जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत स्थान मिळाले. त्या यादीसाठी वास्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते, आणि गोंदियातील कित्येक तलाव ही अट सहज ओलांडतात.

तलावाच्या इतिहासाचे पुरावे जमवताना जिल्ह्याच्या बदलत्या सीमांमुळे गोंधळ होण्याचा संभव असतो. जुने कागद गोंदिया या नावाखाली शोधल्यास हाती फारसे लागत नाही, कारण १९०८ च्या गॅझेटियरच्या काळी हा सर्व मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत होता व त्या जिल्ह्याच्या भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. जमीन-महसूल बंदोबस्ताचे अहवाल, गावाच्या रूढी नोंदवणारा वाजिब-उल-अर्ज आणि गावकऱ्यांचे पाणी, चराई व सरपण यांवरील हक्क नोंदवणारे निस्तार पत्रक हे कागद तुडुमाच्या रेखाटनाइतकेच मोलाचे असतात, आणि परदेशी संस्थांना अशा स्थानिक अभिलेखांचा वापर सहसा पाहायलाच मिळत नाही.

तलावांखेरीज आमगावजवळील पदमपूर हे गाव उल्लेखनीय आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मस्थान पद्मपूर म्हणजे हेच गाव असल्याचे मत मांडले, आणि वाकाटकांच्या एका ताम्रपटातील पद्मपूरशीही त्याची सांगड घातली. तेथील विखुरलेल्या शिल्पावशेषांची छायाचित्रे, मापे व सद्यस्थिती यांची पद्धतशीर सूची हा एका उमेदवाराच्या आवाक्यातील प्रकल्प होय. गोंदिया शहराजवळील नागरा येथील शिवमंदिर दगडी बांधकामाच्या स्थिती-नोंदीसाठी, म्हणजे भेगा, ओल, क्षार, झाडोरा व नंतरची सिमेंटची भर नकाशावर खुणांनी दाखवण्याच्या कामासाठी, सोयीचे आहे. चुन्याच्या दर्जांवर सिमेंट भरल्यास आतील ओलाव्याला बाहेर पडायला वाट उरत नाही व कडेचा दगडच झिजू लागतो. ही प्रक्रिया स्वतः पाहून रेखाटलेली एक आकृती पाठ केलेल्या दहा व्याख्यांपेक्षा अर्जात अधिक वजनदार ठरते. कवेलूंची छपरे व सागवानी खांब असलेली जुनी घरे, भातगिरण्या, तसेच गोंदिया–जबलपूर या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या, आता ब्रॉडगेज झालेल्या मार्गाच्या खुणा यांना औद्योगिक व लोकवास्तू-वारसा म्हणून स्थान आहे. नागपूरचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ पासून या मार्गांच्या अभ्यासाला पूरक आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडाविषयी लिहिताना तालुका व जिल्हा सुरुवातीलाच स्पष्ट करणे अगत्याचे असते, कारण २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या शीर्षकाखाली जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी प्रतापगड हा सातारा जिल्ह्यातील असून परीक्षकांचा घोटाळा सहज होतो. गोंदियाच्या प्रतापगडाचे वैशिष्ट्य वेगळेच आहे: महाशिवरात्रीची यात्रा आणि दर्ग्याचा उरूस ही दोन्ही त्याच डोंगराशी जोडलेली आहेत, म्हणून तेथे तटबंदीइतकीच माणसांची ये-जा नोंदवावी लागते. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेला तेथे मध्य भारतातून भाविक येतात. अशा जागी समाजाच्या जाणत्यांची संमती, छायाचित्रांबाबत त्यांनी घातलेल्या मर्यादा आणि कथनकर्त्यांच्या नावांविषयीची त्यांची इच्छा यांची लेखी नोंद ठेवणे हे औपचारिकतेचे नव्हे तर नीतीचे काम आहे; संमतीविना घेतलेले सर्वोत्तम छायाचित्रही संग्रहात घालू नये. गोंडी, पोवारी किंवा झाडीबोली येत असल्यास ती आत्मवृत्तात ठळकपणे लिहावी, कारण मौखिक इतिहासाच्या कामात ते व्यावसायिक कौशल्यच असते. वनक्षेत्रातील स्थळांसाठी वनविभागाची आणि संरक्षित स्मारकांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण अथवा राज्य पुरातत्त्व संचालनालय यांची परवानगी आधी घ्यावी लागते. ड्रोनच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट हवी.

ऋतुमानाचा विचार केल्यास या साऱ्याची तयारी वर्षभर आधी सुरू करणे भाग पडते. तुडूम व पाळीचा पाण्याकडील उतार उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरच मोजता येतो, पाणीवाटप खरिपात दिसते, आणि झाडोऱ्याने झाकलेल्या भिंती हिवाळ्यानंतर मोकळ्या होतात. उत्तर गोलार्धातील उन्हाळी आंतरवासितांचे अर्ज मात्र साधारणपणे त्याआधीच्या हिवाळ्यातच मागवले जातात. रेखाटनांवर प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, मोजणीची तारीख आणि गटकामात स्वतःचा वाटा किती हे नमूद असावे. शिफारसपत्र मोठ्या पदावरील अपरिचित व्यक्तीपेक्षा उमेदवाराला उन्हात टेप धरून मोजताना पाहिलेल्या शिक्षकाचे असणे अधिक उपयुक्त.

खर्चाच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार आढळतो. राज्य शासनाची अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती व आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती या पदवी-अभ्यासक्रमांसाठी आहेत. काही आठवड्यांच्या आंतरवासितेला त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून विद्यावेतन, निवास, विमा आणि प्रवास यांपैकी यजमान संस्था नेमके काय देणार हे लेखी विचारून घेणे, आणि विनावेतन जागा स्वीकारण्यापूर्वी कुटुंबावर पडणारा भार मोजणे, आवश्यक असते. गुणवान पण साधनहीन उमेदवार याच टप्प्यावर गळतात, ही या संपूर्ण व्यवस्थेची गंभीर उणीव आहे.

निवडीनंतरची कागदपत्रे देशानुसार बदलतात. गोंदियाच्या रहिवाशांचे पारपत्र नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येते. अमेरिकेसाठी जे-१ या विनिमय-अभ्यागत व्हिसाची गरज असते: पदवी शिकत असलेल्या किंवा ती घेऊन बारा महिने न उलटलेल्या व्यक्तीला आंतरवासी या वर्गात कमाल १२ महिने, तर पदवीनंतर किमान एक वर्षाचा, किंवा पदवी नसल्यास पाच वर्षांचा, संबंधित अनुभव असलेल्या व्यक्तीला प्रशिक्षणार्थी या वर्गात कमाल १८ महिने राहता येते. त्यासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या पुरस्कर्त्या संस्थेने डीएस-२०१९ हे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि ते हाती आल्यावरच महाराष्ट्रातील उमेदवाराला मुंबईच्या वाणिज्य दूतावासातील मुलाखतीला जाता येते.